ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? जळगावातील बारा बाय चौदाच्या खोलीसाठी बुकशेल्फ स्पीकर

मेहरूणकर, जळगाव

सर्वांना नमस्कार.

माझ्या जुन्या स्पीकरच्या वूफरभोवतीची, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या शंकूभोवतीची, फोमची कड यंदाच्या उन्हाळ्यात बोट लावताच भुगा होऊन गळून पडली. त्यामुळे नवी जोडी घेण्याचा, अनेक वर्षे पुढे ढकललेला निर्णय आता घ्यावाच लागणार आहे. खोली बारा फूट रुंद, चौदा फूट लांब आणि दहा फूट उंच आहे. वर स्लॅब, खाली फरशी, एका लांब भिंतीला खिडकी आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट आहे. खोलीत सोफा नाही. आम्ही गादीवर, लोडाला टेकून ऐकतो. ऐकणे मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत. वडिलांनी जमवलेल्या दोनशेच्या आसपास रेकॉर्ड आहेत, बाकीचे संगीत इंटरनेटवरून ऐकतो. स्टँड आणि वायरी धरून तीन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

मागच्या महिन्यात मुंबईच्या एका दालनात केईएफ कंपनीचे एलएस50 मेटा हे पॅसिव्ह, म्हणजे बाहेरचा ॲम्प्लिफायर लागणारे, आणि एलएस50 वायरलेस टू हे ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेले, स्पीकर एकापाठोपाठ ऐकले. दोन्हींची पेटी जवळजवळ सारखी, आणि मधोमध ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) बसवलेला सव्वापाच इंची ड्रायव्हरही (आवाज काढणारा शंकूही) तोच, त्यामुळे तुलना रास्त होईल असे वाटले. ॲक्टिव्ह जोडीवर डग्ग्याची घुमक जिथे संपायला हवी नेमकी तिथेच संपत होती. पॅसिव्ह जोडीवर गळा किंचित अधिक मोकळा वाटला, परंतु तिला जोडलेला ॲम्प्लिफायर फार महागडा होता, तेव्हा ते श्रेय कोणाचे हे मला ठरवता आले नाही.

माझी खरी अडचण मात्र विजेची आहे. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठातल्या एका वादळात आमच्या गल्लीतल्या खांबावरचा न्यूट्रल तुटला आणि त्या रात्री घरातला टीव्ही, फ्रिजचा बोर्ड आणि पुतण्याचे वीजजोडणीचे छोटे स्पीकर एकदमच गेले. त्या स्पीकरच्या कंपनीने सात आठवड्यांनी ‘हा बोर्ड आता येत नाही’ असे कळवले. माझे जुने पॅसिव्ह स्पीकर त्याच खोलीत होते आणि त्यांना काहीही झाले नाही, कारण त्यांना विजेची वायरच नव्हती.

एवढा मोठा खर्च करताना कानाचे ऐकावे की त्या रात्रीच्या अनुभवाचे, याबाबत जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पांझराकाठ, धुळे

मेहरूणकर भाऊ, प्रथम एक शब्द स्पष्ट करतो, कारण दुकानात नेमकी याच शब्दावर गिऱ्हाइकाची दिशाभूल होते. मागे वीजजोडणी आहे म्हणून स्पीकर ॲक्टिव्ह ठरत नाही. बाजारातल्या पुष्कळ ‘पॉवर्ड’ जोड्यांमध्ये एका पेटीत साधा स्टीरिओ ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, तिथून दुसऱ्या पेटीकडे स्पीकरची वायर जाते, आणि आत खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारा, कॉइल-कपॅसिटरचा पॅसिव्ह क्रॉसओव्हर असतोच. त्यात जागा वाचते, आवाज सुधारत नाही. खऱ्या ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये सिग्नल क्षीण असतानाच त्याचे खालचे आणि वरचे भाग वेगळे केले जातात, आणि मग वूफर व ट्वीटर यांना आपापला स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. आपण ऐकलेली वायरलेस टू या अर्थाने खरी ॲक्टिव्ह आहे. तिच्या प्रत्येक पेटीत वूफरसाठी 280 वॅटचा क्लास डी आणि ट्वीटरसाठी 100 वॅटचा क्लास एबी ॲम्प्लिफायर असतो.

याचा फायदा सांगताना माहितीपत्रके बहुधा ‘वूफरवरची पकड’ असा शब्दप्रयोग करतात, म्हणजे मधली कॉइल गेल्यामुळे ॲम्प्लिफायरचा ताबा वाढतो असे. हे चुकीचे नाही, पण बरेच फुगवून सांगितलेले आहे. क्रॉसओव्हरच्या कॉइलचा रोध ओमच्या काही दशांशांइतका असतो, आणि वूफरच्या स्वतःच्या तारेचाच रोध पाच-सहा ओम असताना एवढ्याने डग्गा आवरला जाईल अशी अपेक्षा करू नये. मोठा फरक दुसरीकडे आहे. पॅसिव्ह क्रॉसओव्हरची सगळी गणिते ड्रायव्हरचा रोध ठरावीक आहे असे धरून केलेली असतात, आणि तो तसा राहत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जोरात वाजवताना व्हॉइस कॉइल, म्हणजे ड्रायव्हरमधली तांब्याची तार, शंभर अंशांनी तापली तर तिचा रोध जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढून क्रॉसओव्हरची जुळणी थोडी ढळते. ॲक्टिव्ह रचनेत ही विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधीच झालेली असल्याने ती ढळत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डीएसपी, म्हणजे सिग्नल डिजिटल करून त्यावर आतच केलेली प्रक्रिया. लहान पेटीचा खालचा आवाज निसर्गतः लवकर ओसरतो. एलएस50 मेटाचा कंपनीने दिलेला, तीन डेसिबलच्या आतबाहेरचा पल्ला 79 हर्ट्झपासून सुरू होतो. ॲक्टिव्ह भावंड त्याच वूफरला खालच्या पट्टीत जास्त वीज देऊन तो पल्ला खाली खेचते, आवाज फार वाढवला की ही उचल गुपचूप कमी करते, आणि स्पीकर भिंतीजवळ ठेवला असल्यास तसे सांगता येते म्हणून घुमणेही आवरते. आपल्याला डग्गा आटोपशीर वाटला त्याचे श्रेय मी या सुधारणेला देईन.

केवळ कानासाठी घ्यायचे झाले, तर तीन लाखांत ॲक्टिव्ह जोडीतून जो आवाज मिळेल तो वेगळा ॲम्प्लिफायर आणि पॅसिव्ह स्पीकर यांतून मिळवायला जास्त पैसे लागतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

साउंडवाला, शिरपूर

धुळ्याच्या भाऊंनी आवाजाविषयी लिहिलेले मला मान्य आहे. मी दुरुस्तीच्या बाजूने बोलतो, कारण बावीस वर्षे लग्नकार्याला, कानबाईच्या उत्सवाला आणि भजनाच्या कार्यक्रमांना साउंड पुरवताना माझे अर्धे आयुष्य सोल्डरिंगसमोर गेले आहे.

मेहरूणकर दादांच्या घरी जे झाले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटला की प्रत्येक घराचा 230 व्होल्टचा हिशेब मोडतो. ज्या फेजवर भार कमी, तिथले व्होल्टेज वाढत वाढत दोन फेजमधल्या 400 व्होल्टच्या दिशेने जाते. अशा वेळी एमसीबी पडत नाही, कारण तो करंट पाहतो, व्होल्टेज पाहत नाही. चारशे-पाचशे रुपयांची सर्ज पट्टीही उपयोगी नाही. ती विजेचा क्षणभराचा झटका गिळते, पण मिनिटभर टिकणाऱ्या वाढीव व्होल्टेजपुढे स्वतःच जळते. यावर उपाय म्हणजे मीटरनंतर बसवायचा अंडर-ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर, जो 270 च्या आसपास व्होल्टेज गेले की लाइनच तोडतो आणि स्थिर झाल्यावर पुन्हा जोडतो. तीन लाखांचे काहीही घरात आणण्यापूर्वी हे बसवून घ्यावे. ॲक्टिव्ह घ्या की पॅसिव्ह, ॲम्प्लिफायर तर विजेवरच चालणार आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. दोन ॲक्टिव्ह पेट्या म्हणजे भिंतीत दोन प्लग, आणि दोन्ही प्लगांचे अर्थिंग सारखे नसेल तर वायरने जोडलेल्या टर्नटेबल-प्रीॲम्पमधून बारीक हम् ऐकू येतो. रात्री अडीच वाजता आलापीच्या मागे तो आला की चैन पडत नाही. आपल्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडतात, मीठ-कोळशाचा जुना खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरते उरते. त्या खड्ड्यात उन्हाळाभर बादलीभर पाणी ओतत जा, आणि वायरमनला वर्षातून दोनदा मोजायला लावा. दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावरून चालवा, हेही सांगून ठेवतो.

आता दुरुस्ती. पॅसिव्ह पेटीत बिघडण्याजोगे तीनच भाग आहेत: ड्रायव्हर, क्रॉसओव्हर आणि जोडणीचे टर्मिनल. क्रॉसओव्हर मी इथे टेबलावर दुरुस्त करतो. ॲक्टिव्ह पेटीत पॉवर सप्लाय, ॲम्प्लिफायर, डीएसपी आणि वायफाय हे सगळे बारीक भागांच्या बोर्डांवर दाटीने बसवलेले असते. तिथे आम्ही दुरुस्ती करत नाही, अख्खा बोर्ड बदलतो, आणि तो मिळाला तरच. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंश वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे बाहेर पंचेचाळीस अंश असताना बंद खोलीतल्या बंद पेटीत काय असेल, याचा अंदाज आपणच करावा. माझ्या कामातल्या ॲक्टिव्ह पेट्यांपैकी ज्या मेल्या, त्यांतल्या बहुतेक उन्हाळ्यातच मेल्या.

माझे मत पॅसिव्हच्या बाजूने. ॲम्प्लिफायर जळला तर ॲम्प्लिफायर बदलाल, आणि स्पीकर मुलांच्या हाती चांगल्या अवस्थेत जातील. क्वचित जळणारा ॲम्प्लिफायर डीसी सोडून वूफरलाही सोबत नेतो, पण बऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये त्यासाठी संरक्षण असते.

मेहरूणकर, जळगाव

दोघांचेही मनापासून आभार. प्रोटेक्टरची चौकशी उद्याच करतो. दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. माझा जुना ॲम्प्लिफायर चाळीस वॅटचा आहे आणि तो अजून उत्तम चालतो. तो मेटाला पुरेल का? आणि ॲक्टिव्ह घेतल्यास रेकॉर्डचे काय होते, हे मला दालनात कोणी नीट सांगू शकले नाही.

पांझराकाठ, धुळे

चाळीस वॅट पुरेल. मेटाची संवेदनशीलता 85 डेसिबल आहे, म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज. आपल्या खोलीत आठ फुटांवर, दोन स्पीकर आणि भिंतींचे परावर्तन धरून, एका वॅटवर सुमारे 82 डेसिबल मिळतील. शक्ती दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात, या हिशेबाने चाळीस वॅटवर आपण 98 पर्यंत पोचता, आणि घरात ख्याल यापेक्षा मोठ्याने कोणी ऐकत असेल तर शेजारी निरोप पाठवतील. फक्त एक तपासा. मेटांवर 8 ओम लिहिलेले असले तरी काही कंपनसंख्यांना त्यांचा रोध 3.5 ओमपर्यंत उतरतो, तेव्हा ॲम्प्लिफायरच्या मागे 4 ओमचे स्पीकर चालतील असे लिहिलेले असावे.

रेकॉर्डबाबत: वायरलेस टूला ॲनालॉग इनपुट आहे, पण फोनो स्टेज (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) नाही, म्हणून तो वेगळा घ्यावा लागेल. आत गेलेला ॲनालॉग सिग्नल आधी डिजिटल होतो, त्यावर डीएसपीचे काम होते आणि मग तो पुन्हा ॲनालॉग होतो. मला त्यात ऐकू येण्याजोगे नुकसान वाटत नाही. तत्त्व म्हणून ज्यांना खटकते त्यांनी मात्र जेनेलेक 8030सी सारखे, आत डीएसपी नसलेले ॲक्टिव्ह पाहावेत; पाच इंची वूफर, प्रत्येक पेटीत पन्नास अधिक पन्नास वॅट, ॲल्युमिनियमची पेटी. दिवाणखान्यात ते थोडे कारखान्यातल्यासारखे दिसतात, हे खरे.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

आपली चर्चा वाचून आनंद झाला, तथापि तिच्यात खोली जवळजवळ अनुपस्थित आहे, आणि भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मनुष्याला ते स्वस्थ बसू देत नाही.

मेहरूणकरांनी मापे दिली हे फार चांगले केले. चौदा फूट म्हणजे 4.27 मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला खोली स्वतःच घुमून साथ देते तो, सुमारे 40 हर्ट्झवर येतो, रुंदीच्या दिशेने 47 वर आणि उंचीच्या दिशेने 56 वर. हे तिन्ही ख्यालाच्या बहुतेक सामग्रीच्या खाली आहेत. परंतु लांबी आणि उंची मिळून जो तिरपा अनुनाद तयार होतो तो 40 आणि 56 यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढल्यास 69 हर्ट्झवर येतो, आणि काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज 69.3 हर्ट्झवर असतो. म्हणजे ज्या स्वरावर सगळी मैफल उभी राहते तोच स्वर या खोलीत काही जागी फुगेल आणि काही जागी बुडेल. उन्हाळ्यात हवा चाळीस अंशांवर गेली की ध्वनीचा वेग 355 होतो आणि हाच अनुनाद 71 पर्यंत सरकतो. हा फरक कानाला कळणार नाही, माझ्या समाधानासाठी लिहिला.

यात एक दिलासा आहे. तंबोऱ्याचा नाद मुख्यतः मूळ स्वरात नसून जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला घासून येणाऱ्या झणकारामुळे, उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांत असतो. 1921 साली सी. व्ही. रामन यांनी तंबोऱ्याच्या घोडीचा अभ्यास करून दाखवले की, तार जिथे छेडली तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू (तार न हलणारी जागा) येतो, म्हणजे नेहमीच्या नियमाने जे उमटूच नयेत, ते उपस्वरही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात. त्यामुळे 79 हर्ट्झला ओसरू लागणारा लहान स्पीकरही तंबोरा पूर्ण ऐकवतो, आणि उरलेला खर्ज कान स्वतः भरून घेतो. पांझराकाठ यांनी ॲक्टिव्हचा जो खालचा पल्ला वाखाणला, तो या संगीतासाठी मला तेवढा निर्णायक वाटत नाही. उलट 69 ला फुगणाऱ्या खोलीत जास्त खर्ज ओतणारा स्पीकर अधिक त्रास देऊ शकतो. ॲक्टिव्हच्याच डीएसपीने तो फुगवटा खाली आणता येतो हे मान्य; परंतु जिथे स्वर बुडतो तिथे कितीही शक्ती ओतली तरी तो वर येत नाही, तिथे गादीच हातभर पुढे-मागे सरकवावी लागते.

आणि गादीवरून आठवले. बाजारातले स्टँड चोवीस ते अठ्ठावीस इंच उंच असतात, कारण ते खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेले असतात. जमिनीवर बसणाऱ्याचा कान साधारण तीस इंचांवर असतो. ट्वीटर कानाच्या पातळीवर आणायचा तर स्टँड तेवीस-चोवीस इंचांपेक्षा उंच नसावा, आणि पेटी उंच असेल तर अठरा-वीस इंचांचाच घ्यावा. वूफर आणि ट्वीटर एकाखाली एक असलेल्या स्पीकरमध्ये ही चूक गळ्यालाच भोवते, कारण दोन ड्रायव्हर जिथे एकमेकांना मिळतात त्या दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्टीत खालून ऐकणाऱ्याला आवाजाचे खड्डे पडतात. आपण ऐकलेल्या दोन्ही जोड्यांत ट्वीटर वूफरच्या मध्यात असल्याने तिथे हा दोष कमी आहे, आणि गादीवर बसणाऱ्या घरासाठी मला त्यांचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो.

माझे स्वतःचे घर जुने धाब्याचे आहे. सागवानी तुळयांवर मातीचे छत आणि दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती असल्याने तिथला आवाज आपोआप मवाळ होतो. स्लॅब आणि फरशीच्या खोलीत मात्र आधी सतरंजी, मग जाड पडदा आणि मग स्पीकर, हा क्रम सोडू नये.

तोरणमाळचा पायथा, नंदुरबार

सर्वांनी ॲक्टिव्हला उन्हाळ्याची भीती दाखवली म्हणून लिहितो. माझ्याकडे सहा वर्षांपासून एक ॲक्टिव्ह जोडी आहे, नंदुरबारच्याच उन्हात, आणि तिला आजवर काही झालेले नाही. ऐकणे झाले की मी ती भिंतीवरच्या बटणाने पूर्ण बंद करतो, स्टँडबायवर ठेवत नाही. आमच्याकडे सगळ्या उपकरणांना हाच नियम आहे. दोष सांगायचा तर ॲपचा सांगेन. मधल्या काळात फोन बदलला आणि नव्या फोनवर ते ॲप दोन महिने नीट चालेना, तेव्हा वायरने गाणी ऐकली. पण पूर्वी आईला ॲम्प्लिफायरचे बटण, इनपुटचे बटण आणि आवाजाचे बटण यांत गोंधळायला व्हायचे, आणि आता ती स्वतः सकाळी भूपाळ्या लावते. हा फायदा कोणत्याही आलेखात दिसत नाही.

साउंडवाला, शिरपूर

भिंतीवरून बंद करण्याची सवय उत्तम. माझ्या कामातल्या पेट्यांना हे भाग्य लाभत नाही, हे मी आधी लिहायला हवे होते. त्या मांडवात, जनरेटरवर, दिवसभर उन्हात चालतात. घरच्या वापराची तुलना मी थोडी कडक केली.

मेहरूणकर, जळगाव

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. प्रोटेक्टर बसवला. अर्थिंग मोजून घेतले, ते खरोखरच नावापुरते निघाले, म्हणून नवा खड्डा केला. सरांच्या सांगण्यावरून जुन्या स्पीकरवर, ते फाटलेले असतानाही, तंबोऱ्याची एक रेकॉर्ड लावून खोलीभर गादी सरकवत बसलो. पाठीमागच्या भिंतीला टेकून बसल्यावर खर्ज अंगावर येतो आणि तीन फूट पुढे आल्यावर तो शहाण्यासारखा वागतो, हे मला वीस वर्षांत कळले नव्हते.

ॲक्टिव्हच्या डग्ग्याचा मोह सुटलेला नाही, तरीही मी पॅसिव्ह मेटा मागवले आहेत आणि ते माझ्या जुन्याच ॲम्प्लिफायरवर चालवणार आहे. मागे 4 ओम लिहिलेले आहे, ते पाहिले. उरलेल्या पैशातून सतरंजी, पडदे आणि वीस इंचांचे पोकळ लोखंडी स्टँड घेतले. ॲम्प्लिफायरने कधी साथ सोडली तर पांझराकाठ यांना पुन्हा त्रास देईन.

एकच शंका उरली आहे. स्टँडच्या पोकळ पायांत वाळू भरावी असे वाचले. गिरणेची वाळू घराच्या मागे बांधकामातली उरलेली पडून आहे, ती चालेल का?

साउंडवाला, शिरपूर

चालेल, पण आधी बारीक चाळणीने चाळून घ्या आणि कढईत चांगली भाजून पूर्ण कोरडी करा. ओल राहिली तर पाय आतून गंजतील. पाऊण उंचीपर्यंतच भरा, म्हणजे दादा, पुढे स्टँड हलवायची वेळ आली तर एकट्याला उचलता येईल.